दीडशेची दुसरी डबी

"पोरीला कशाला बोलतोस? तुझ्या त्या नळकांड्यातच खोट असणार. फेक ते आणि नवीन आण," विनया ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

ते नळकांडं म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना स्कोप आहे, रायफलच्या पाठीवर बसून लांबचं जवळ दाखवणारा. शनिवारची संध्याकाळ होती. हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या एका मराठी घरात जेवायच्या टेबलावर रायफलीसकट आडवा पडलो होतो, आणि माझ्याच देखत माझ्यावर खटला चालला होता. मला एक शब्द बोलता येत नाही. डोकं फिरणार नाही तर काय होणार?

विनयाचा नवरा दीनानाथ म्हणत होता, स्कोप ठीक आहे, सकाळी शिकारीत गोळी चुकली ती श्रुतीचाच हात हलला म्हणून. श्रुती म्हणजे त्यांची सतरा वर्षांची मुलगी. ती दारात बसून बुटांचा चिखल खरवडत होती. "आय डिडन्ट मूव्ह, बाबा," असं तिने तीनदा सांगितलं. बुधवारी तिची रायफल लायसन्सची परीक्षा होती. मी नाव काढून घेते, एवढं म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

आणि खरं काय झालं ते फक्त मला माहीत होतं.

आधी माझं सांगतो, म्हणजे कळेल मला राग का येतो. ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना काचा, आत काळी फुली, आणि ओल शिरू नये म्हणून आत वायू भरून तोंडं पक्की बंद. वर दोन नॉब. एकाने फुली वरखाली सरकते, दुसऱ्याने डावीउजवीकडे. संपलं. मला स्वतःची अक्कल नाही, आणि मी तसा आवही आणत नाही. ज्या गोळीशी माझी जोडी जुळवाल, तिच्याशी मी प्रामाणिक. गोळी बदलली की जोडी परत जुळवायची, एवढी एकच माझी अट. त्याला एक तास पण लागत नाही.

माझा पहिला मालक कॉलिन नावाचा म्हातारा शिकारी. वीस वर्षं त्याने मला वेस्ट कोस्टच्या जंगलात फिरवलं. मी नदीत पडलो, चिखलात लोळलो, एकदा तर त्याच्या गाडीच्या टपावरून खाली आलो. पण काडतुसांची नवीन डबी आणली की कॉलिन आधी कागदावर तीन गोळ्या मारायचा. मग मला टिचकी मारून "स्वीट अ‍ॅज" म्हणायचा, म्हणजे एकदम झकास, आणि मगच डोंगर चढायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला हॉर्नबीतल्या बंदुकीच्या दुकानात विकलं.

तिथे वर्षभर काचेच्या कपाटात धूळ खाल्ली. शेजारी ते चोवीस पट मोठं दाखवणारे धिप्पाड स्कोप. गिऱ्हाईक आलं की त्यांच्यावरच लाळ गाळणार. चोवीस पट! झाडीत चाळीस मीटरवर हरीण उभं असलं तर त्यांच्यातून नुसते केस दिसतात. कुठल्या भागाचे केस ते शोधेपर्यंत हरीण गेलेलं असतं. पण नाही, आकडा मोठा पाहिजे ना लोकांना.

दीनानाथने मात्र मला उचललं. चार पट, हलका, झाडीत बरा. एवढं मला मान्य करायलाच हवं, पारख होती त्याला. दोन वर्षं आमचं छान चाललं. श्रुती माझ्यातूनच नेम धरायला शिकली.

मग ती डबी आली.

त्या शुक्रवारी दुकानात नेहमीच्या कंपनीची काडतुसं संपली होती. नेहमीच्या डबीवर गोळीचं वजन लिहिलेलं असायचं, दीडशे ग्रेन. दुसऱ्या कंपनीची डबी होती, तिच्यावरही दीडशेच, फक्त गोळी नेहमीसारखी शिशाची नाही, अख्खी तांब्याची. काउंटरवरची मुलगी त्याला म्हणाली, आधी कागदावर मारून बघा हं. दीनानाथ हसला. तो फार्मसिस्ट आहे. लोक येतात, डॉक्टरने लिहिलेल्या कंपनीचंच औषध द्या म्हणतात, आणि हा दिवसभर त्यांना समजावतो की नाव वेगळं, आतलं औषध तेच, डोस तोच, काही फरक पडत नाही. तेच त्याने हिलाही ऐकवलं. सेम स्ट्रेंग्थ, डिफरंट ब्रँड. वर म्हणाला, माझं रोजचं काम आहे हे.

अरे, असेल तुझं रोजचं काम. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते, नळीतून वेगळी सुटते, वेगळीकडे जाते. वजन सारखं म्हणून वाट सारखी नसते. मी रायफलवर बसून आतल्या आत ओरडत होतो. त्याला नेमबाजीच्या रेंजवर जायचं नव्हतं, कारण रेंज रविवारी उघडते आणि शनिवारी डोंगरावर जायचं ठरलेलं होतं.

शनिवारी सकाळी लुईस पास नावाच्या घाटाच्या बाजूला एका दरीत श्रुती बॅगेवर रायफल टेकवून पालथी झोपली. दीनानाथ तिला चिकटून. पलीकडच्या उतारावर, एकशेऐंशी मीटरवर, एक हरिणी आडवी उभी राहिली. मला पुढून हरीण दिसतं आणि मागून माणसाचा डोळा दिसतो. श्रुतीचा डोळा दगडासारखा होता. अर्धा श्वास सोडला, थांबली, चाप हळूच दाबला. फुली खांद्यामागे होती, एक केसभर हलली नाही. देवाशप्पथ.

गोळी खाली आणि डावीकडे गेली. हरिणीचा पुढचा पाय मोडला.

ती तीन पायांवर झाडीत घुसली. दोन तास हे दोघे रक्ताच्या थेंबांमागे. शेवटी ओढ्यात सापडली, जिवंत. दीनानाथने तिला मारून यातनांतून मोकळं केलं. श्रुती गुडघाभर पाण्यात उभी राहून तिच्या मानेवर हात ठेवून होती, तो काढेचना. आणि परत येताना गाडीत बाप काय म्हणाला? "हलला तुझा हात."

रविवारी विनयाने दोघांना रेंजवर ढकललं. तिचं म्हणणं होतं, नळकांडं तपासा, भांडू नका. दीनानाथने खिशातून काय काढलं माहितीये? जुन्या डबीतली उरलेली पाच काडतुसं. नवी महाग होती, उगाच कशाला घालवायची. शंभर मीटरवर कागद लावला आणि तीन मारली. तिन्ही बरोब्बर मधोमध.

"बघ," तो श्रुतीला म्हणाला. "स्कोप परफेक्ट आहे. म्हणजे कोणाचं चुकलं?"

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो आणि मला लाज वाटली. त्यापेक्षा मला बोगस म्हणून कचऱ्यात टाकलं असतं तर चाललं असतं. माझ्याच जिवावर त्या पोरीला गुन्हेगार ठरवलं!

श्रुती कागदाकडे बघत राहिली. मग तिने खाली पडलेलं रिकामं काडतूस उचललं, उलटंपालटं केलं. "काल ही डबी नव्हती, बाबा."

"दीडशेच आहे. सेम आहे."

तिने बॅगेतून नवी डबी काढली, नवा कागद लावून आली, आडवी झाली. एक. दोन. तीन. मी तिचा डोळा पाहत होतो, पापणीसुद्धा लवली नाही.

कागद आणला तर तीन भोकं एकमेकांना चिकटून, दोन डॉलरच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. पण सगळी चार बोटं खाली आणि डावीकडे. हात हलणाऱ्याची भोकं अशी पडतात का?

दीनानाथने कागद पाहिला. मग बाकावर बसला, एक अक्षर न बोलता माझ्या नॉबचं झाकण काढलं आणि फिरवायला लागला. टिक. टिक. टिक. म्हणजे जोडी जुळवून टाकायची आणि विषय संपवायचा. वा रे वा!

श्रुतीने नॉबवर तळहात ठेवला. "आधी बोल," ती म्हणाली. एरवी बापाशी निम्मं इंग्लिश बोलणारी पोर.

शेजारच्या बाकांवर माणसं होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुझा हात नव्हता हलला," तो म्हणाला. "मी डबी बदलली आणि तपासली नाही. ती हरिणी माझ्यामुळे तडफडली. आणि मी तुझ्यावर ढकललं."

तिने हात काढला. गळ्यात वगैरे पडली नाही. फक्त म्हणाली, "बुधवारी परीक्षेला तू सोडायचं मला."

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल, नदीत पाडलं तरी चालेल. मला घेताना आकडे बघू नका, कुठे फिरणार ते बघा. आणि नवी डबी आली की आधी कागद. कागदाला दुखत नाही. एवढं साधं काम टाळायचं आणि मग ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर, नाहीतर घरातल्या लहानावर खापर फोडायचं, हे मला बिलकुल चालणार नाही. अजून त्या चोवीस पटवाल्यांबद्दलही मला हीप्स, म्हणजे ढीगभर, बोलायचंय, पण नॉब फिरवून झालाय, तिसरा कागद लागलाय आणि श्रुती आडवी होतेय. तिचा डोळा आला. मला जायला हवं.