लग्न झालंच नाही म्हणे

धर्माजीने कोर्टात लिहून दिलं की चंद्रभागेशी त्याचं लग्न झालंच नाही. आमच्या वकीलसाहेबांनी कर्जतला कोर्टाच्या ओट्यावर आम्हाला ते वाचून दाखवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सप्तपदी झाली नाही, होम झाला नाही, सबब कायद्याने लग्न नाही. चंद्रभागेने इतकी वर्षं त्याच्या घरी धुणीभांडी केली, पोरगी जन्माला घातली, ते सगळं उगाच.

"मग माजी पोर कोनाची?" चंद्रभागा एवढंच म्हणाली.

चंद्रभागा माझी नणंद. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर धर्माजीने चौकच्या घरात दुसरी बाई आणली आणि हिला पोरीसकट माहेरी, आमच्या कशेळ्याच्या एस्टीत बसवून दिलं. आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. तिला त्याच्याकडे परत जायचं नव्हतं. तिला फारकत हवी होती, पोटगी हवी होती आणि पोरीला बापाचं नाव हवं होतं. वकील म्हणाले, पोटगीचं कर्जतला चालेल, फारकतीचा दावा मागाहून अलिबागला लावू. पण आधी लग्न झालं होतं हे इथे ठरलं पाहिजे. त्या लग्नाला हजर असलेले साक्षीदार आणा.

साक्षीदार! त्या लग्नात न जेवलेला माणूस आमच्या वस्तीत शोधून सापडायचा नाही. पण साक्षीला एकही बाप्या तयार होईना, कारण धर्माजी समाजाचा मोठा माणूस. आम्ही धम्म घेतल्यापासून लग्नाला भटजी लागत नाही, आपलाच माणूस लग्न लावतो, आणि कर्जत-खालापुरातली कितीतरी लग्नं धर्माजीने लावलेली. पांढरा सदरा घालून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे उभा राहायचा, त्रिसरण-पंचशील म्हणायचा, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा वदवून घ्यायचा. अशा माणसाविरुद्ध कोर्टात गेलं की समाजाची अब्रू जाते म्हणे. चंद्रभागेला टाकलं तेव्हा कोणाची अब्रू गेली नाही.

सगळ्यांत कडी केली तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे आमच्या घरच्यांनी. कोंडीराम त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी रागात असले की घेते. "तू गप ऱ्हा गं पुतळे," ते म्हणाले होते. "घरातलं घरात मिटवू."

त्या दिवशी कोर्टातून आम्ही परत आलो तेव्हा वस्तीतले पुरुष विहाराच्या पायरीवर विड्या ओढत बसले होते. मी चंद्रभागेला घरी पाठवलं आणि सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

"आपलं लगीन कोनी लावलं?" मी घरच्यांना विचारलं.

"धर्माजीनं. तुला म्हाईत नाय व्हय?"

"होम केला व्हता?"

"डोकं फिरलं का तुजं? आपल्यात होम कुठं असतोय?"

"मंग आपलं लगीनच नाय. धर्माजीनं कोर्टात लिवून दिलंय तसं. मी तुमची कोन लागत नाय. भाकरी तुमची तुमी थापा."

सगळे हसले. पांडू तर खोकला येईस्तोवर हसला. "तुला काय झालं रं दात काढाया?" मी म्हणाले. "तुजं बी त्यानंच लावलंय." पांडूची बायको भीमाबाई नळावर हंडा भरत होती. तिने हंडा तिथेच ठेवला. "म्हंजी माजी पोरं बी तशीच?" तिने विचारलं, आणि मग कोणी हसलं नाही.

संध्याकाळी बाया पोरांना घेऊन माझ्या पडवीत येऊन बसल्या. पोरांपुरता भात टाकला. बाप्यांना मात्र कोणी पाणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकेकाला कंठ फुटला. धर्माजी चुकला, साक्ष दिली पाहिजे, वगैरे वगैरे. हे काही चंद्रभागेसाठी नव्हतं बरं का. स्वतःचं लग्न पाण्यात चाललं तेव्हा त्यांना न्याय सुचला. मला त्याची चीड आली होती, आजही येते. पण साक्षीदार मिळाले, म्हणून मी तोंड शिवून बसले.

तारखेला भाजीच्या टेंपोत उभे राहून सगळे कर्जतला गेलो. आमच्या घरच्यांनी पहिली साक्ष दिली, पांडूने दुसरी. मग धर्माजी पिंजऱ्यात आला, तोच पांढरा सदरा घालून. आमच्या वकिलांनी मागच्या बाकांकडे हात केला.

"या लोकांची लग्नं तुम्हीच लावलीत ना?"

"हो."

"ती खरी की खोटी?"

धर्माजीने मागे पाहिलं. बाया त्याच्यावर डोळे रोखून बसल्या होत्या. खोटी म्हणाला असता तर त्याला त्यांच्यापुढून दाराबाहेर जाता आलं नसतं.

"खरी," तो म्हणाला.

"चंद्रभागाबाईंशी तुमचं लग्न याच पद्धतीने झालं?"

त्याने पुन्हा मागे पाहिलं. न्यायाधीश साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"झालं होतं."

साहेब लिहून घेऊ लागले. चंद्रभागा उठून उभी राहिली. शिपाई "बसा बाई" म्हणत धावला, पण ती बसली नाही. नवऱ्याला तिने आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"झालं व्हतं ना?" ती म्हणाली. "मंग आता मोडाया अलिबागला ये."