कोटाच्या खिशातली पुडी

आमच्या ह्यांना कुणाचं मन मोडवत नाही. बायकोचं सोडून.

पंचावन्न साली ह्यांचा रक्तदाब वाढला. हावड्याच्या आमच्या घरून पूल ओलांडून मी ह्यांना धर्मतल्ल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नव्याने निघालेल्या गोळ्या दिल्या. थोरले भावजी, दत्तात्रयराव, भवानीपूरला राहतात. अख्खा जन्म कलकत्त्यात गेल्यामुळे त्यांचा देवाखालोखाल कविराजांवर, म्हणजे इथल्या वैद्यांवर, विश्वास. त्यांनी कविराजांची पुडी पुढे केली. ह्यांनी मला सांगितलं, "पुडीला नाही म्हटलं." भावजींना सांगितलं, "गोळ्या सोडल्या."

रक्तदाब उतरला. भावजी मिशीत हसले, डॉक्टरही खूश. ह्यांच्यात मात्र जीव राहिला नाही. भरल्या ताटावर पेंगायचे. एकदा तर आमटी अळणी झाली म्हणून रडले. भावजी म्हणाले, "विकार बाहेर पडतोय, पडू दे." मी रडले असते तर हेच भावजी नाटकं म्हणाले असते.

एका रविवारी भावजींकडून घरी परतताना हे पुलावर मधेच थांबले. कठड्याला रेलून पाण्याकडे बघत राहिले. "खाली किती शांत असेल," म्हणाले. मी ह्यांचा कोट घट्ट धरला, तशी खिशातली पुडी हाताला लागली.

तशीच मागे फिरले आणि ह्यांना थेट डॉक्टरांच्या घरी नेऊन बसवलं.

"आणखी कुठलं औषध घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!" हे म्हणाले.

मी पुडी टेबलावर आपटली. वर कविराजांनी बंगालीत औषधाचं नाव लिहिलं होतं. ते वाचून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"सर्पगंधा! अहो गुरुदत्तबाबू, माझ्या गोळ्याही ह्याच मुळाच्या. दोन्हीकडून मिळून केवढं पोटात गेलं! नाडी मंद होणार नाही तर काय? मन खचणार नाही तर काय? कविराजांना गोळ्यांचं सांगितलंत?"

"त्यांना वाईट वाटलं असतं," हे म्हणाले.

पुडी बंद झाली. हळूहळू हे माणसांत आले, आमटीला नावं ठेवू लागले. भावजींना सगळं कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला, पण भाऊ वाचल्याचा नव्हे. "म्हणजे मूळ आमचंच!" असं ते येईल त्याला सांगत सुटले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आणखी काही घेत नाही ना?"

"छे!" म्हणताना ह्यांचा हात कोटाच्या खिशावर गेला. आत भावजींची नवी पुडी होती, पित्तावरची.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ह्यांना विचारू नका. कोटाला विचारत जा."

डॉक्टर हसले, हेही हसले. मला हसू आलं नाही. परतताना पूल संपेपर्यंत मी कोट सोडला नाही.