दूध बाजारातला प्रबंध

नाशिकच्या दूध बाजारात रियाजभाईंचं शिलाईचं दुकान होतं. त्यांची थोरली मुलगी अरफा एम.एस्सी.ला पहिली आली तेव्हा त्यांनी गल्लीभर जिलबी वाटली. अठ्ठ्याण्णव साली ती पीएच.डी.ला लागली तेव्हा विषय न विचारताच पुन्हा वाटली. द्राक्षबागांवर फवारलेल्या औषधांचा मजुरांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय होता.

अरफा दिंडोरीकडच्या बागांत जाऊ लागली. सोबत एक नर्स आणि बर्फाची पेटी. पेठच्या डोंगरातून हंगामाला आलेले मजूर रक्त द्यायला तयार होईनात. शेवटी भागीबाई पुढे आली. टोळीत तिचा शब्द चालायचा.

"रगत नेशील. मंग आम्हाला काय कळंल?" तिनं विचारलं.

"जे निघेल ते मी स्वतः येऊन सांगेन."

"अशे सांगनारे लय पाह्यले."

"मी येईन, मावशी."

भागीबाईनं तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि हात पुढे केला. मग बाकीचेही आले.

पहिल्या तपासण्या झाल्या. फवारणीच्या दिवसांत मजुरांच्या नसांवर विषाचा परिणाम होत होता, हे आकड्यांत स्पष्ट दिसलं. डोकं गरगरणं, हात थरथरणं हे मजूर समजत होते तसं उन्हानं होत नव्हतं. अरफाच्या मार्गदर्शक डॉ. मोहिनी पेंढारकर निकाल पाहून खूश झाल्या.

"आधी शोधनिबंध छापून येऊ दे," त्या म्हणाल्या. "तोवर कुठे बोलू नकोस."

"तोवर हंगाम संपेल, मॅडम. ते रोज फवारताहेत."

"तू संशोधक आहेस, अरफा. पुढारी नाहीस."

"पण मी त्यांना शब्द दिलाय."

त्याच रविवारी ती दिंडोरीला गेली आणि मजुरांच्या पालांपुढे बसून सगळं सांगितलं, त्यांना समजेल अशा भाषेत. मजुरांनी तिथंच ठरवलं, हातमोजे, तोंडाला मास्क आणि धुवायला साबण-पाणी मिळाल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही. बागायतदारांशी बोलणी झाली तेव्हा अरफा मजुरांच्या बाजूला बसली. हवा ढगाळ झाली, द्राक्षांवर भुरीचा रोग पडायची भीती वाढली, फवारणी लांबवून चालेना, तसे बागायतदार एकेक करून कबूल झाले. मजुरांचं काम झालं. अरफाला मात्र एकही बागायतदार बागेत येऊ देईना, आणि तिचे नमुने अर्धेच झाले होते.

ती दुकानात येऊन मान खाली घालून बसली. रियाजभाईंनी मशीन थांबवलं.

"काय झालं, बेटा?"

तिनं सगळं सांगितलं. "माझी पीएच.डी. बहुतेक राहिली, अब्बा."

"तू त्यांना खोटं तर नाही ना सांगितलंस?"

"नाही."

"मग मान खाली का घातलीस?"

बुधवारी भागीबाई नाशिकच्या बाजाराला आली, ती अरफाचा पत्ता विचारत थेट दुकानात. बागेची बंदी तिच्या कानावर गेली होती. "बागंत येऊ देत नाय तं नको देऊ," ती म्हणाली. "आम्ही बाजाराला येतोच ना. हितं घे रगत. ह्ये काम आमचंबी हाय."

रियाजभाईंनी कापड बेतायचं टेबल रिकामं केलं आणि त्यावर धुतलेली चादर अंथरली. त्या दिवसापासून दर बुधवारी मजूर बाजार करून दुकानात येऊ लागले. कोणी बाकावर, कोणी कापडाच्या ठाणांना टेकून बसायचं. रियाजभाई चहा द्यायचे, रक्त दिलेल्याला आग्रहानं बिस्किट खायला लावायचे. काही गिऱ्हाइकं कुरकुरली. "बुधवारी शिलाई बंद," रियाजभाई सांगायचे. "बुधवारी इथं माझ्या मुलीची प्रयोगशाळा असते." हा शब्द ते इतक्या ऐटीत उच्चारायचे की अरफालाच लाजायला व्हायचं.

एका बुधवारी डॉ. पेंढारकर आल्या. दारातच थांबून त्यांनी आतली गर्दी पाहिली. अरफा घाबरली.

"तुला बर्फ पुरत नसेल," त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी विभागातली मोठी पेटी घेऊन त्या स्वतः आल्या आणि शेवटपर्यंत येत राहिल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नमुने शिंप्याच्या दुकानात का घेतले?"

अरफाच्या आधी पेंढारकर मॅडमच बोलल्या, "कारण हा अभ्यास पुरा व्हावा असं मजुरांना वाटत होतं. असा प्रबंध माझ्या हातून याआधी झालेला नाही."

दोन हजार सहामध्ये, संशोधनाला चळवळीची जोड देणाऱ्या अभ्यासकांसाठी असलेला एक राज्य पातळीवरचा सन्मान अरफाला जाहीर झाला. तिचं नाव मॅडमनीच सुचवलं होतं. एव्हाना अरफा कॉलेजात शिकवत होती आणि दिंडोरीत मजुरांची संघटना उभी राहिली होती.

समारंभ नाशिकलाच झाला. अध्यक्षांनी भाषणात विचारलं, "अरफाताई, तुम्ही आधी संशोधक की आधी कार्यकर्त्या?"

"माझं संशोधन खरं आहे म्हणून मजूर ते घेऊन भांडू शकले," अरफा म्हणाली. "आणि ते काम त्यांनी आपलं मानलं म्हणूनच ते पुरं झालं. यात आधी कोण, ते मला खरंच सांगता येणार नाही."

मागच्या रांगांत बसलेले दिंडोरीचे मजूर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत रियाजभाईंना उठायचं सुचलंच नाही. शेजारच्या पेंढारकर मॅडमनी त्यांना हाताला धरून उठवलं. "पाहताय ना, रियाजभाई?"

"पाहतोय," ते म्हणाले. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर भागीबाई गर्दीतून वाट काढत आली. तिच्यासोबत एक अनोळखी बाई होती.

"ही वत्सलाबाई, विंचूरची. कांद्याच्या खळ्यावर निवडाईला जाती. तिथल्या बाया लय खोकत्यात. मी म्हनलं, आमची अरफा हाय."

वत्सलाबाईनं संकोचून विचारलं, "याल का, ताई?"

अरफानं हातातलं मानचिन्ह अब्बांकडे दिलं आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"बसा," ती म्हणाली. "खोकला कधीपासून आहे, ते आधी सांगा."