बोंबार्दिनोची पहिली जागा

सणाच्या रविवारी सकाळी लिव्हियो सान्तार्पिया पुन्हा आरशासमोर जाऊन उभा राहिला. वरचा ओठ बोटानं उचलून त्यानं समोरचे दोन दात हलवून पाहिले. काल जेवढे हलत होते तेवढेच आजही हलत होते.

"अरे, ते काय तासातासाला बदलणार आहेत का?" त्याची बायको अडेल स्वयंपाकघरातून ओरडली. ती सॉसेज आणि ढोबळ्या मिरच्या परतत होती. "हात लावू नकोस त्यांना. मिरवणूक संपेपर्यंत तरी तोंडात राहू देत."

"मी फक्त बघत होतो."

"पहाटेपासून बघतोयस. आधी दात बघितले, मग वाद्य पुसलं, मग बूट पुसले, मग पुन्हा वाद्य पुसलं. नवरदेवसुद्धा एवढा घायकुतीला येत नाही."

अडेलला सगळं ठाऊक होतं, आणि तिच्याखेरीज कुणालाच नव्हतं. मंगळवारी दातांचा डॉक्टर ते दोन्ही दात काढणार होता, शेजारचेही बहुधा जाणार होते. कवळी लावून माणूस बोलू शकतो, मक्याचं कणीस खाऊ शकतो. बोंबार्दिनोवर ते उंच सूर मात्र पुन्हा लागायचे नाहीत. पितळेची तोटी ओठावर दाबायची म्हणजे ओठामागे काहीतरी घट्ट लागतं. थोडक्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी लिव्हियोकडे वाजवायला एकच सण उरला होता, आणि तो आजचा होता.

हे बोंबार्दिनो म्हणजे पोटाशी लेकरासारखं धरायचं जाडजूड पितळी वाद्य. ह्या गावाच्या बँडमध्ये त्याला जो मान आहे तो मेयरला नाही. पाटीच्या दगडाच्या खाणींत काम करायला इटलीतून जी माणसं पेनसिल्व्हेनियात आली, त्यांनी आधी बँड उभा केला आणि मग चर्च. ऑपेराचं तिकीट त्यांना परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी ऑपेराच रस्त्यावर आणला, गायकांशिवाय. क्लॅरिनेट म्हणजे कोरस, छोटा बिगुल म्हणजे नायिका, आणि बोंबार्दिनो म्हणजे बाप, राजा, नाहीतर खलनायक. खाणी केव्हाच बंद पडल्या, त्यांत आता पाणी साचलंय. पोरं न्यू जर्सीला गेली. पण ऑगस्टमध्ये गावच्या संताची, सान दोनातोची, मिरवणूक निघते तेव्हा सगळे परत येतात आणि बँडच्या पहिल्या उस्तादानं बांधलेल्या संताच्या मार्चमध्ये, म्हणजे मिरवणुकीच्या धूनमध्ये, बोंबार्दिनो एकट्यानं 'गायला' लागला, की भलेभले चष्मे पुसायला लागतात.

हा एकट्याचा भाग वाजवायचा तो पहिल्या जागेवरच्यानं. पहिल्या जागेवर होते ओराझियो पेत्तिनेल्ली, वय शहाऐंशी. त्यांच्या बरोब्बर मागे, दुसऱ्या जागेवर, लिव्हियो. उभी हयात तो ओराझियोकाकांच्या मानेवरचे केस आधी काळे, मग करडे, मग पांढरे होताना बघत आला होता.

जागा मागायची नसते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. पहिला जेव्हा थकतो तेव्हा तो मिरवणुकीत एक पाऊल मागे सरतो, दुसरा पुढे येतो, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. लिव्हियो बँडमध्ये नवा होता तेव्हा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चर्चच्या पायऱ्यांपाशी म्हातारे कोसिमो असेच एक पाऊल मागे सरले होते आणि ओराझियो पुढे झाले होते. तेव्हापासून तो त्याच एका पावलाची वाट बघत होता.

त्यात गेली पाच-सहा वर्षं गंमत अशी होती, की तो भाग वाजवत होता लिव्हियोच. ओराझियोंचा दम तुटायला लागला तेव्हा पहिल्यांदा त्यानं फक्त टोकाचे सूर मागून उचलून धरले. मग अर्धी ओळ. मग सगळंच. काकांची बोटं झडपांवर अचूक पडायची, गाल फुगायचे, आणि आवाज मागून यायचा. श्वाससुद्धा लिव्हियो काकांचे खांदे वर जातील तेव्हाच घ्यायचा. कोणाला पत्ता लागला नाही. काकांनाही नसावा, असं त्याला वाटायचं. कान गेलेले, मशीन लावायचे नाहीत. बिचारे समजत असतील की आपणच वाजवतोय.

*

बँडच्या हॉलसमोर ओराझियो आले ते काठी टेकत. आल्या आल्या त्यांनी काठी मोठ्या ढोलवाल्याच्या हातात दिली आणि अंगावरच्या गणवेशाची बटणं लावली.

"काका, या वर्षी गाडीत बसा ना," उस्ताद डोरीन म्हणाली. ती शाळेत संगीत शिकवते. तिच्या पणजोबांनी हाच बँड चालवला होता. "उघडी गाडी आहे. सगळ्यांना हात करत चला."

"गाडीत संत बसत नाही, मी कसा बसू?"

"संत लाकडाचा आहे, काका. त्याचे गुडघे दुखत नाहीत."

"माझे तरी कुठं दुखतात? माझे मेलेतच." सगळे हसले. ओराझियो मागे वळले. "काय रे लिव्हियो, तोंड का असं? बायकोनं उपाशी ठेवलं का?"

"नाही काका. जरा झोप नाही झाली."

"या वयात झोप नाही म्हणजे एकतर कर्ज, नाहीतर बाई. कोण आहे ती?"

लिव्हियो कसनुसा हसला. सांगून टाकावं का? 'काका, मंगळवारी माझे दात जाणार, आज सरा मागे' एवढंच तर वाक्य. पण ते तोंडातून निघेना. हात पसरून मिळालेली जागा ती काय जागा, असं त्याचे वडील म्हणायचे. तेही क्लॅरिनेटच्या दुसऱ्या जागेवरच मेले.

मिरवणूक निघाली. संताला खांद्यावर घेतलेली आठ माणसं, पुढे नवे फादर तुआन, मागे बायका, मग बँड. ऊन रणरणत होतं. घराघरापुढे थांबायचं, मार्च वाजवायचा, लिंबाचं सरबत प्यायचं, पुढे जायचं. बेकरीपाशी थांबले तेव्हा लिव्हियोची नजर काकांच्या टाचेवर खिळली होती. टाच हलली नाही. त्यानं मागून भाग वाजवला. सलूनपाशी टाच जरा उचलल्यासारखी झाली, पण काकांनी नुसता पाय बदलला होता. त्यानं पुन्हा मागून वाजवला. दाताच्या मुळात कळ निघाली.

शाळेच्या कोपऱ्यावर बाई पाओलुच्ची गर्दीतून घुसल्या आणि त्यांनी ओराझियोंचे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

"ओराझियो! आमचे हे गेले तेव्हा वाजवला होतास तसाच वाजवलास. काय तुझा दम! सैतानाशी करार केलायस की काय?"

ओराझियोंनी मान लववली. नाही म्हणाले नाहीत. बाईंच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत तो भाग लिव्हियोनं वाजवला होता, भर पावसात, मागून. एवढी वर्षं हे सगळं त्यानं हसत गिळलं होतं. आज गिळवेना. हा माणूस मरेपर्यंत पुढेच उभा राहणार आणि मी मंगळवारी संपणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ज्यांच्यावर त्यानं जन्मभर माया केली त्यांच्या पाठीचा त्याला संताप आला.

आता शेवटचा थांबा. चर्चच्या पायऱ्या. संत पायऱ्या चढून दारात वळायचा, गावाकडे तोंड करायचा, आणि मार्च शेवटचा वाजायचा.

डोरीननं हात उचलला. क्लॅरिनेट सुरू झाली, ढोल सुरू झाला. बोंबार्दिनोची पाळी आली. ओराझियोंचे खांदे वर गेले, बोटं झडपांवर पडली.

लिव्हियोनं वाद्य खाली घेतलं.

साथ चालली होती आणि गाणंच नव्हतं. नवरा-नवरीशिवाय वरात चालावी तसं ते ऐकू येत होतं. डोरीनच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिनं बोट हवेत गोल फिरवलं: पुन्हा, तेवढंच पुन्हा. क्लॅरिनेटवाले तेच चार सूर दळत राहिले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. लिव्हियोला तत्क्षणी लाज वाटली. हे आपण काय केलं, भर चौकात म्हाताऱ्याला उघडं पाडलं. तो वाद्य पुन्हा तोंडाशी नेणार, एवढ्यात ओराझियोंनीही आपलं वाद्य खाली घेतलं.

ते वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "झालं? आता तरी येणार का पुढे?"

"काय?"

"पुढे ये म्हणतोय, गाढवा! किती वर्षं मी नुसते गाल फुगवू?"

लिव्हियो त्यांच्या कानाशी ओरडला. "तुम्हाला... माहीत होतं?"

"माझे कान गेलेत, अक्कल नाही गेली. बोटं माझी, गाल माझे आणि सूर दुसऱ्याचा, हे कळायला कान कशाला लागतात? दर वर्षी वाट बघतो, आज येईल, आज येईल. हा आपला मागे ढिम्म उभा!"

"तुम्ही मागे सरायला पाहिजे ना! पहिला मागे सरतो!"

"कोण म्हणतं?"

"मी बघितलंय! कोसिमो सरले होते, इथंच, याच पायऱ्यांपाशी!"

"सरला?" ओराझियो आता गर्रकन वळले. "कोसिमो सरला? अरे, बुटानं टाच तुडवली मी त्याची! कळवळून मागे झाला तो, आणि मी घुसलो! नंतर मला मिठी मारून म्हणाला, पोरा, किती उशीर लावलास. जागा कोणी देतं का? घ्यायची असते! मला वाटलं तुला नकोच आहे. म्हटलं, लाजाळू आहे, सावलीतच बरं वाटतं त्याला. म्हणून उभा राहिलो. मेलेल्या गुडघ्यांवर उभा राहिलो!"

"तुम्ही दोघं," डोरीन दातओठ खात म्हणाली, हात चालूच ठेवून, "घरी जाऊन भांडा! आत्ता कोण वाजवतंय?"

लिव्हियो पुढे झाला. ओराझियोंना ढकलण्याचा धीर त्याला झाला नाही, आणि म्हातारा सरला नाही, त्यामुळे दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यानं तोटी ओठावर दाबली. दातातून कळ थेट डोळ्यांपर्यंत गेली. आणि बोंबार्दिनो गायला लागला.

पहिल्या ओळीनंतर तो गडबडला. श्वास कुठं घ्यायचा? समोर आता खांदे नव्हते, नुसती गर्दी होती. तेवढ्यात शेजारी ओराझियोंनी खर्रकन मोठ्यानं श्वास ओढला, चर्चच्या आतल्या पहिल्या बाकावर ऐकू जाईल असा, आणि लिव्हियोनं तिथंच आपला घेतला. पुढच्या ओळीलाही तेच झालं. म्हातारा श्वास घेत होता आणि तो वाजवत होता, आणि टोकाचा सूर असा लागला की बाई पाओलुच्ची तोंडावर हात ठेवून मटकन पायरीवर बसल्या. लिव्हियो सान्तार्पिया वाजवतोय हे गावानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मार्च संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. संत आत गेला. ओराझियोंनी लिव्हियोच्या पाठीवर थाप मारली. "आता दहा वर्षं तरी जागा सोडू नकोस. मी खुर्ची टाकून ऐकायला बसतो."

लिव्हियोनं रुमालानं तोंड पुसलं. रुमालावर रक्त होतं.

"काका, मंगळवारी दात काढणार आहेत. समोरचे. हे शेवटचं होतं."

ओराझियोंना ऐकू गेलं नाही. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांनीच ऐकलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पडला, वाया गेलेली वर्षं मोजावीत तशी ते हाताकडे बघत बोटं दुमडत राहिले, आणि मग एकाएकी चर्चच्या दाराकडे वळून ओरडले, "ब्रुनो! संताला बाहेर काढ!"

ब्रुनो म्हणजे खांदेकऱ्यांचा म्होरक्या. तो दारात घाम पुसत उभा होता. "काय म्हणता काका? आत्ताच तर ठेवला. खांदे मोडलेत आमचे."

"बाहेर काढ म्हणतो! पुन्हा फेरी. सगळी घरं. बेकरीपासून."

"असं कुठं असतं? संत एकदा आत गेला की गेला. जेवणं खोळंबलीत!"

"ह्या पोराचे दात मंगळवारी जाणार आणि तुला सॉसेजची पडलीय?"

फादर तुआननी गोंधळून डोरीनकडे बघितलं. "असं करता येतं का?"

"नाही येत," ब्रुनो म्हणाला, आणि खांद्याची गादी पुन्हा चढवत आत गेला.

बायका हातपंखे उघडून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. अडेल गर्दीतून वाट काढत आली, बर्फाचा तुकडा लिव्हियोच्या ओठाला लावून परत गेली. ओराझियोंनी दुसऱ्या जागेवर जाऊन उभं राहायचं ठरवलेलं दिसत होतं. काठी नको म्हणाले. लिव्हियो पहिल्या जागेवर एकटा उभा राहिला. ओठ सुजले होते. समोर कुणाची पाठ नव्हती, सगळा रस्ता मोकळा होता, आणि दारातून सान दोनातो डुलत डुलत पुन्हा उन्हात येत होता. लिव्हियोला हुंदका फुटला.

"रडायचं ते मंगळवारी रड," मागून ओराझियो म्हणाले. "आत्ता ओठ सैल पडतात."