चारच्या भेटीचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझी एक बिजागरी ढिली आहे आणि चार्जर काढला की पंधरा मिनिटांत मी डोळे मिटतो. तरी या घरात माझा रुबाब होता.

घरातल्या आई आणि परगावी राहणारी त्यांची थोरली बहीण, दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही. रोज चार वाजता माझ्या पडद्यावर त्या हातांनी बोलत. आईंची नजर अधू, मोबाइलवर त्यांना बोटं नीट दिसत नसत. म्हणून मीच लागे. त्या भांडतसुद्धा हातांनीच, आणि तेव्हा चहाचा कप हमखास लवंडे. मला ते फार आवडायचं.

एका सोमवारी मी नवं अपडेट घेतलं आणि माझं वायफाय गेलं. आई मुलाला खुणेने म्हणाल्या, "ताई दवाखान्यात आहे. आजच दुरुस्त करून आण."

"रविवारी बघू," त्यानेही खुणेनेच सांगितलं. तो वाईट नव्हता, कामात गळ्यापर्यंत बुडालेला होता. आई मात्र रोज चारला मला उघडून बसत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

रविवारी सकाळी दुरुस्तीवाल्या बाईंनी मला तपासलं. "वायफायचं कार्ड ठणठणीत आहे हो. त्याला जागं करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अपडेटनंतर घाई करतोय. दार वाजवतो आणि कडी निघायच्या आत 'घरात कोणी नाही' म्हणून माघारी फिरतो. त्याला क्षणभर थांबायला लावलं, की झालं."

"एवढंच होतं?" मला घेऊन आलेल्या मुलाने विचारलं.

"एवढंच. अर्ध्या तासाचं काम."

चारला पडदा उजळला. आईंचे हात भराभर बोलू लागले. थोरल्या बहिणीचे हात मात्र पांघरुणावर तसेच पडून राहिले. मोबाइल धरून उभी असलेली तिची मुलगी रडत म्हणाली, "दादा, मावशीला सांग, काल लकव्याचा झटका आला, आईचे हात गेले. धावपळीत कळवायचं राहिलं. परवापर्यंत रोज चारला उठून बसायची रे, केस विंचरून."

मुलाने झटक्याचं तेवढं आईंना सांगितलं.

"ती माझी वाट बघत होती का?" आईंनी खुणेने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मी सगळं ऐकलं होतं, पण मला कुठे हात आहेत?

मित्रांनो, आता चारला मला कोणी उघडत नाही. तुमच्या घरातलं एखादं यंत्र बिघडलं, तर ते कोणासाठी चालत होतं एवढं आधी विचारा. आणि रविवारची वाट बघू नका.