मोजणीसकट

आमच्या बँडची निवडक बारा गाणी एका अल्बममध्ये येणार, पाच वाजता सगळा माल छपाईला जाणार, आणि मी अडीच वाजता स्टुडिओच्या जिन्यात धापा टाकत उभा. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतायत, पण पाय काही एका जागी ठरेनात.

सकाळी धाकट्याकडे गेलो होतो. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. फंक आणि सोल वाजवणारे आम्ही सात जण. मी बेस गिटारवर, तो ड्रम्सवर. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हापासून खिशात वही आणि पेन्सिल. त्याची लेक उशिरा झालेली, एकुलती एक, आठ वर्षांची.

"काका, बाबांचा आवाज कसा होता हो?" ती म्हणाली.

"कसा म्हणजे? चांगला खणखणीत."

"काढून दाखवा ना."

मी काढायला गेलो तर घशातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. पोरगी खो खो हसली. धाकटा मात्र वहीत मान घालून बसला.

परत येताना डोक्यात उजेड पडला. धाकटा गात नसे, पण आमचं प्रत्येक गाणं सुरू करायचा तोच! काठ्या आपटत, मोठ्यानं मोजून. तेवढी मोजणी अल्बमवर ठेवली की काम झालं. घरी न जाता मी तसाच स्टुडिओकडे सुटलो.

"मोजणी कुठेच नाहीये, सर," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"असं कसं? मूळ टेप आहेत ना तुमच्याकडे?"

बाईंनी एक डबा पुढे सरकवला. वर लाल शाईत लिहिलेलं : मोजणी कापून टाका. अक्षर माझंच. बाराही डब्यांवर तेच.

तेव्हा मला वाटायचं, मोजणी राहिली की रेकॉर्ड तालमीसारखं कच्चं वाटतं. बँडचा म्होरक्या मी, कोण बोलणार? टेप ब्लेडनं कापल्या, तुकडे कचऱ्यात गेले. भावाचा आवाज मीच टाकून दिला होता, आणि वर शहाणपण मिरवलं होतं. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. घड्याळात साडेतीन.

"आणखी एक डबा आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यावर फुली आहे."

"लावा!"

"एक! दोन! तीन! चार!"

अरे देवा. तोच! तेवीस वर्षांचा, छाती काढून ओरडणारा. माझे डोळेच भरले. चारनंतर सगळे तुटून पडले. फक्त बेस नाही. बेस आला दोन मात्रा उशिरा, तोही चुकीच्या सुरावर, आणि गाण्याची सुरुवातच कोलमडली. पुढे सगळं झकास. पण आमच्या संगीतात बेस घसरला की बहिऱ्यालाही कळतं.

म्हणून फुली. ती मीच मारली होती. वर तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, की त्या दिवशी आमच्या ट्रम्पेटवाल्यानं घाण केली.

"मोजणी उचलून दुसऱ्या गाण्याला लावू का?" बाईंनी विचारलं. "पण लय जुळणार नाही. त्यांनी चुकीचं मोजलं असं वाटेल."

"छे! त्याचा ताल जन्मात चुकला नाही. चुकलो मी."

"मग सर, हेच गाणं घ्यावं लागेल. लोक हसतील."

मी खोलीत चार येरझारा घातल्या. काय सांगू, लाज वाटत होती. एवढी वर्षं जपलेलं नाव होतं. मग ट्रम्पेटवाल्याला फोन लावला आणि एका दमात सगळं कबूल केलं.

तो म्हणाला, "हलकटा! माझी बायकोसुद्धा मला त्या गाण्यावरून चिडवते!"

"चुकलं रे. घालू का अल्बममध्ये?"

"घालू का काय विचारतोस? पहिलं घाल. आणि तुझं नाव मोठ्या अक्षरात छाप."

बाराची तेरा गाणी झाली. पाचला दहा कमी असताना माल गेला. त्या गाण्याची एक सीडी काढून घेऊन मी तडक धाकट्याचं घर गाठलं, चप्पलसुद्धा न काढता गाणं लावलं.

"एक! दोन! तीन! चार!"

"हा कोण ओरडतोय?" पोरगी म्हणाली.

धाकट्यानं हळूच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग स्वतः उठली, गाणं परत लावलं. परत लावलं. पाचव्यांदा कान अगदी स्पीकरला टेकवला.

"पुढे काय म्हणाले बाबा?"

"पुढे काही नाही गं. पुढे गाणं सुरू होतं."

ती गर्रकन वळली आणि धाकट्यावर डोळे वटारून म्हणाली, "मग दहापर्यंत तरी मोजायचं ना, बाबा!"