एक कुलूप, दोन बार्ज

पुलाच्या दोन खांबांमधून एका वेळी एकच कोळशाचा बार्ज जातो, हे महाकाम नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यासाठीच हेल्दाने बार्जना वाट देणाऱ्या कचेरीत पर्ल या संगणकभाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. सुरू झाला की तो दोन पिल्लं, म्हणजे आपल्याच वेगळ्या चालणाऱ्या दोन प्रती, काढायचा: एक वरून येणाऱ्या बार्जसाठी, दुसरं खालून येणाऱ्यांसाठी. ठरलेल्या फाइलला जे पिल्लू कुलूप लावील, त्याने वाट मोकळी द्यायची, दुसऱ्याने थांबायचं.

त्या दिवशी जेवणाआधी तिने त्यात थोडी आवराआवर केली, प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि सोतो सुपाची वाटी पुढे ओढली. एवढ्यात पडद्यावर दोन ओळी उमटल्या. वरच्याला वाट मोकळी. खालच्यालाही.

वरून कोळशाचा बार्ज ओढत येणारा टग अर्बैनचा, तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे तिच्या जुलाकचा होता. तिने रेडिओचं बटण दाबलं.

"जुलाक, थांबा. समोरून दुसरा येतोय."

"थांबा काय, पोरी? मागे कोळशाचा डोंगर ओढतोय, ही काय सायकल आहे?"

"मग काठावर घाला. डाव्या अंगाला, चिखलात."

"त्याला सांग ना थांबायला."

हेल्दाने खालून येणाऱ्या टगला दोनदा हाक दिली.

"तो उत्तरच देत नाहीये, जुलाक."

पलीकडे नुसती खरखर. खिडकीतून वळणापलीकडचं काही दिसेना. शेजारच्या टेबलावरचा फित्रियान तिचा प्रोग्राम वाचत होता.

"ताई, फाइल कुठे उघडलीस?"

"आवरताना वरती नेली... पिल्लं काढायच्या आधी."

बोलता बोलताच तिला उमगलं. एकदाच उघडलेली फाइल दोन्ही पिल्लांना आयतीच मिळाली होती. त्यामुळे कुलूपही दोघांचं एकच. दुसऱ्याने मागितलं, तर यंत्र म्हणालं, हे तुझंच आहे की.

ती रेडिओवर जुलाकला हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने रेडिओ बोलला.

"रुतलोय चिखलात. तो अगदी घासून गेला. माणसं धड आहेत." मग अर्बैनचा आवाज चिरकला. "हेल्दा, ते यंत्र बंद कर."

तिने बंद केलं. प्रत्येक पिल्लाने आपली फाइल आपण उघडायची, ही दुरुस्ती तिने लगेच केली. पण चालू करायला हात धजेना. संध्याकाळपर्यंत ती रेडिओवरच वाट देत राहिली, एकेकाला, दोन-दोनदा विचारून.